तरंगता दवाखाना

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, म्हसावद हे गाव वसलेले आहे. गावाच्या खालच्या अंगास शहाद्याकडे पाहावे तर तापीच्या खोऱ्यातील काळीभोर, सपाट जमीन दूरवर पसरलेली दिसते. ऊस, कापूस, केळी, मिरची अशी पिके तीत डोलत असतात. उत्तरेकडे वळावे, तो एकामागे एक उभ्या ठाकलेल्या निळसर डोंगरांनी क्षितिज अडविलेले असते. म्हसावदहून धडगावकडे जाणारा रस्ता या डोंगरांत शिरतो, वळणे घेत वर चढतो आणि सातपुड्याच्या गाभ्यात पोहोचतो. त्याही पलीकडे, डोंगरांच्या खोल कुशीत, नर्मदा वाहते. एकाच जिल्ह्याच्या एका अंगास तापी व दुसऱ्या अंगास नर्मदा अशी ही रचना आहे. म्हसावदच्या माणसाला दुखणे आले तर त्याला गाडीत बसवून दवाखान्यात नेता येते. परंतु नर्मदेकाठच्या कित्येक पाड्यांवर गाडीचा रस्ताच पोहोचत नाही. तेथे पाणी हाच रस्ता होय.

हे असे का झाले, ते समजून घेतले पाहिजे. नर्मदा सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत महाराष्ट्राच्या उत्तर सीमेला लागून वाहते. तिच्यावर गुजरातमध्ये बांधलेल्या सरदार सरोवर या धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी बसविली. पुढे अनेक वर्षांनी धरणाची भिंत उभी राहिली व टप्प्याटप्प्याने उंच होत गेली. २००६ साली ती १२१.९२ मीटरपर्यंत पोहोचली. २०१७ साली दरवाजे बंद होऊन ती १३८.६८ मीटर झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. या जलाशयाने महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावांना स्पर्श केला. नदीकाठची सुपीक शेते, आंब्याची झाडे, गावागावांना जोडणाऱ्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. पुष्कळ कुटुंबांना तळोदा व शहादा तालुक्यांतील सपाटीवरच्या नव्या वसाहतींत यावे लागले. काही कुटुंबे मात्र डोंगराच्या उतारावर, पाण्याच्या वर, आपापल्या पाड्यांतच राहिली. पूर्वी ज्या ओढ्यातून पायी जाता येत असे, तेथे आता पाण्याचे लांबच लांब फाटे डोंगरांत घुसले. समोर दिसणारे घर हाकेच्या अंतरावर, पण मध्ये खोल पाणी, अशी स्थिती झाली.

अशा ठिकाणी आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, चार खांद्यांवर तोलून, डोंगर चढून न्यावे लागते. ज्वराने फणफणलेले मूल, सर्पदंश झालेला गुराखी, अडलेली बाळंतीण यांच्या दृष्टीने एकेक घटका मोलाची असते. आजारी माणूस दवाखान्यापर्यंत जाऊ शकत नसेल, तर दवाखान्यानेच आजाऱ्यापर्यंत जावे, हा विचार त्यातूनच पुढे आला. नर्मदेच्या या जलाशयावर औषधोपचाराची साधने घेऊन फिरणाऱ्या यांत्रिक नौका सुरू झाल्या. लोक त्यांना ‘तरंगता दवाखाना’ म्हणू लागले. २०२१ साली करोनाच्या साथीत लसीकरण करणारी पथकेही नौकेतूनच काठाकाठाने या पाड्यांपर्यंत गेली.

ही कल्पना केवळ नर्मदेवरच रुजली असे नाही. आसामात ब्रह्मपुत्रेच्या विशाल पात्रात ‘चर’ किंवा ‘चापरी’ या नावाची असंख्य वाळूची बेटे आहेत. पुरात ती बुडतात, खचतात, पुन्हा नव्याने वर येतात. तेथे पक्की इमारत बांधून दवाखाना चालविणे कठीण. म्हणून २००५ साली ‘आखा’ नावाची दवाखाना-नौका तेथे पाण्यात उतरविण्यात आली. ‘आखा’ या असमिया शब्दाचा अर्थ आशा असा आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधे देणारा, नौकाचालक, खलाशी आणि स्वयंपाकी अशी मंडळी या नौकांवर कित्येक दिवस मुक्काम करतात आणि बेटामागून बेट घेत जातात.

दवाखाना-नौका पाड्याला लागली म्हणजे लोकांचे लक्ष साहजिकच डॉक्टरांकडे आणि औषधांच्या पेटीकडे जाते. परंतु ती पेटी तेथवर आणणाऱ्या नौकेची निगा कोण राखतो, तिचे पोट कोण तपासतो, याचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. वास्तविक तरंगत्या दवाखान्याचे अर्धे काम औषधाचे, तर अर्धे नौकेचे असते. कुशल डॉक्टर आणि उत्तम औषधे असूनही नौका अर्ध्या वाटेत बंद पडली, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

यांत्रिक नौकेची दिनचर्या पहाटे सुरू होते. चालकाला कोकण किनाऱ्यावर ‘तांडेल’ म्हणतात. तो सकाळी उठल्यावर इंजिन सुरू करीत नाही. आधी नौकेच्या तळाशी वाकून पाहतो. प्रत्येक नौकेच्या तळाशी थोडेफार पाणी साचतेच. ते किती साचले व कसे आहे, यावरून जाणत्याला पुष्कळ काही समजते. रोजच्यापेक्षा अधिक साचले असेल, तर कोठेतरी गळती वाढली आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर इंजिनाचा एखादा सांधा सैल झाला आहे. वैद्य जशी नाडी पाहतो, तसे चालक हे पाणी पाहतो आणि मगच ते उपसून टाकतो. न पाहताच उपसले, तर दुखण्याची खूणच पुसली जाते.

गळती बहुधा एका विशिष्ट ठिकाणी असते. इंजिनाची गती पाण्यातील पंख्याला देणारा पोलादी दांडा नौकेच्या मागील भागातून पाण्यात नेलेला असतो. दांडा फिरला तर पाहिजे, पण पाणी आत येता कामा नये, अशी ही अवघड जागा. तिच्यात दांड्याभोवती मेणचट दोरीचे वेढे घालून ते आवळून बसविण्याची पद्धत जुनी आहे. वेढे सैल राहिले तर पाण्याची धार लागते. अति आवळले तर दांडा घासून तापतो व झिजतो. म्हणून दांडा फिरत असता तेथून मिनिटाला दोन-चार थेंब गळावेत, हीच योग्य स्थिती मानतात. ते थेंब दांड्याला थंड ठेवतात. येथे थेंब गळणे हा दोष नव्हे. थेंब थांबणे हा दोष होय. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण अनुभवाने पटते.

त्यानंतर इंजिनाची पाळी येते. मोटारगाडीचे इंजिन वाऱ्याच्या साहाय्याने थंड होते. नौकेचे इंजिन बहुधा बाहेरचे पाणी आत ओढून थंड ठेवतात. ज्या तोंडातून हे पाणी आत येते तेथे जाळीची गाळणी असते. पावसाळ्यात डोंगरांतून लोंढ्याबरोबर पालापाचोळा, काटक्या, गवत जलाशयात येते. अलीकडे त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांची भर पडली आहे. एखादी पिशवी गाळणीच्या तोंडाला चिकटली की पाणी बंद होते. पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी पाती कोरडी फिरल्यास थोड्याच वेळात फाटतात आणि इंजिन तापून बंद पडते. म्हणून चालक वेळोवेळी मागे वळून पाहत असतो. धुराबरोबर पाणी बाहेर पडत आहे ना, एवढेच त्याला पाहावयाचे असते. तो एक दृष्टिक्षेप चुकला, तर भर पाण्यात नौका थांबण्याचा प्रसंग येतो.

डिझेलचीही अशीच काळजी घ्यावी लागते. टाकी अर्धी रिकामी राहिली तर तिच्यातील दमट हवा रात्रीच्या गारव्याने थंड होते आणि टाकीच्या आतल्या बाजूस दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी जाऊन बसते. डिझेल व पाणी जेथे एकमेकांना भिडतात तेथे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा चिकट गाळ होतो आणि तो गाळण्यांत अडकून इंजिनाचा श्वास कोंडतो. यावर उपाय सोपा आहे. मुक्कामाला टाकी भरून ठेवावी आणि गाळणीखाली साचलेले पाणी नेमाने सोडून द्यावे. नौका चालविणाऱ्यांचा आणखी एक जुना नियम आहे. इंधनाचे तीन भाग मानावेत. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक न कळणाऱ्या संकटासाठी. तिसऱ्या भागाला उगाच हात लावू नये.

नौकेचे अंग पोलादाचे असेल, तर गंज हा तिचा सर्वांत चिवट शत्रू. पाण्याखालच्या भागापेक्षा पाण्याच्या रेषेजवळचा भाग लवकर गंजतो, कारण तेथे पाणी व हवा या दोहोंचा मारा आळीपाळीने होत असतो. गंज खरवडून काढणे, गंजरोधक रंगाचा हात देणे, त्यावर पुन्हा रंग चढविणे हे काम कधी संपत नाही. याशिवाय एक युक्ती योजितात. दोन भिन्न धातू पाण्यात एकमेकांना जोडलेले असले, तर त्यांतील अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो व दुसरा सुरक्षित राहतो. म्हणून नौकेच्या पाण्यातील अंगाला मुद्दाम अशा धातूचे ठोकळे बसवितात. समुद्रात त्यासाठी जस्त वापरतात. नर्मदेसारख्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियम अधिक उपयोगी पडते. ठोकळा झिजून जातो, पण नौका वाचते. तो झिजला की नवा बसवावयाचा. दुसऱ्याला राखण्यासाठी स्वतः झिजणारा हा धातूचा तुकडा पाण्याखाली कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

नौका हे जसे वाहन, तसेच ते घरही असते. मुक्कामाच्या दिवसांत तिच्यावरील माणसांना तेथेच जेवावयाचे, तेथेच झोपावयाचे आणि तेथेच रोगी तपासावयाचे असतात. जागा थोडी असल्यामुळे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी लागते. दोरखंड वापरून झाला की त्याची वेटोळी करून ठेवलीच पाहिजेत. अंधारात त्यात पाय अडकला तर माणूस पाण्यात पडावयाचा. चूल म्हणून गॅस वापरीत असतील, तर त्याची विशेष खबरदारी घ्यावी लागते. हा गॅस हवेहून जड असतो. घरात तो गळला तर दारावाटे निघून जाण्याचा संभव असतो. नौकेत तो तळाशी उतरतो आणि तेथेच दडून बसतो. मग एखादी ठिणगीही घात करण्यास पुरेशी होते. म्हणून स्वयंपाक झाल्याबरोबर टाकीची चावी बंद करण्याची शिस्त कोणीही मोडीत नाही.

चोहोंकडे पाणीच पाणी, तरी पिण्याचे पाणी जपून वापरावे लागते. ते वेगळ्या टाकीत शुद्ध करून साठविलेले असते. उलट नौकेवरील सांडपाणी व मैला जलाशयात सोडून चालत नाही; कारण काठावरच्या पाड्यांतील बाया त्याच पाण्याने हंडे भरतात. रोग बरा करण्यासाठी आलेल्या नौकेनेच रोग पसरविला, असे होता कामा नये. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानातच ठेवाव्या लागतात. त्यासाठी बर्फाच्या लाद्या घातलेल्या पेट्या असतात. नौका वेळेवर पोहोचली तर लस उपयोगी. वाटेत उन्हात खोळंबली आणि बर्फ वितळले, तर पेटीतील सारे श्रम वाया जातात.

जलाशयावर राहणाऱ्याला पाण्याची उंची सतत ध्यानात ठेवावी लागते. समुद्राला भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते. जलाशयाला तसे नसते. पावसाळ्यात पाणी चढते आणि पुढे सिंचन व वीज यांसाठी ते सोडले की उतरू लागते. आज जेथे नौका लावली तो काठ महिन्याभराने उघडा पडून निसरड्या गाळाचा उतार झालेला असतो. रात्री नौका ताठ बांधून ठेवली आणि पाणी उतरले, तर एका बाजूस ती काठावर टेकते व कलते. म्हणून दोराला ढील ठेवून मध्यरात्री एकदा उठून पाहावे लागते. पाणी उतरल्यावर आणखी एक संकट वर येते. बुडालेल्या झाडांची खोडे पृष्ठभागाच्या थोडी खाली दडून राहतात. पंखा त्यांवर आदळला तर त्याची पाती वाकतात. ही खोडे कोठे आहेत, हे नकाशात सापडत नाही; ते काठावरच्या भिल्ल व पावरा कोळ्यांना ठाऊक असते, कारण ती झाडे उभी असताना त्यांनी त्यांच्या सावलीत गुरे चारलेली असतात. शहाणा चालक त्यांना विचारूनच पुढे जातो.

पाण्याचे नियम मोडले तर त्याची किंमत फार मोठी असते. जानेवारी २०१९ मध्ये मकरसंक्रांतीच्या पर्वावर अक्राणी तालुक्यातील भूषा येथे नर्मदेत माणसांनी खच्चून भरलेली एक नौका उलटली. तीत लहान मुलांसह कित्येकांना प्राण गमवावे लागले. नौका किती माणसे वाहू शकते, हा आकडा दयेने किंवा आग्रहाने वाढत नाही. ‘आणखी एकच माणूस घ्या’ या विनंतीला नकार देणे कठीण असते. तरी तो नकार देणे हेही चालकाच्या सेवेचेच अंग आहे. अंगरक्षक जाकीट घातल्यावाचून कोणासही नौकेत बसू न देणे, वादळाची चिन्हे दिसताच आडोसा गाठणे आणि निरोप कितीही निकडीचा असला तरी धुके असता वेग न वाढविणे, हे नियम त्याने पाळलेच पाहिजेत.

या साऱ्या बारीकसारीक कामांची परीक्षा एखाद्या रात्री एकदम होते. पाड्यावरून विजेरी हालविली जाते. “ताई, पोरीला कळा लागल्या आहेत, पण काही ठीक दिसत नाही,” असे सांगत कोणी बाप काठावर येतो. झोळी उतारावरून सावकाश खाली आणतात. त्या क्षणी दिवा लागतो, कारण बॅटरीच्या तोंडांवर साचलेला क्षार कोणीतरी पुसलेला असतो. उकळलेले पाणी मिळते, कारण टाकी भरलेली असते. फळी घट्ट बसते, दोर हाती येतो, कारण प्रत्येक वस्तू आपल्या जागी असते. परिचारिका आपल्या कामाला लागते. पहाट फुटून समोरची खोडे दिसू लागताच इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू होते, कारण डिझेलमध्ये पाणी नसते आणि गाळणी स्वच्छ असते. नौका धक्क्याला लागते. तेथून रुग्णवाहिका धडगावला जाते आणि अधिक उपचारांची गरज असल्यास सातपुडा उतरून म्हसावदमार्गे शहाद्याकडे धावते. त्या लेकीला किंवा तिच्या बापाला गाळणी, दांडा, दोरीचे वेढे यांपैकी काही ठाऊक नसते. ते ठाऊक होण्याची गरजही नसते. संकटाच्या वेळी नौका चालली, एवढेच त्यांच्या दृष्टीने खरे असते.

नर्मदेकाठच्या सर्व पाड्यांना बारमाही रस्ते, पूल आणि जवळचे दवाखाने मिळावेत, हा तेथील माणसांचा हक्क आहे. ते होईपर्यंत पाण्यावरचा हा दवाखाना हलता ठेवणे भाग आहे. मोठी सेवा ही पुष्कळदा लहान कामांची बनलेली असते. तळातील पाणी पाहणे, गंज खरवडणे, गाळणी धुणे, दोर गुंडाळून ठेवणे यांपैकी कोणत्याही कामाची कोणी वाखाणणी करीत नाही. परंतु ती कामे ज्या दिवशी कोणी करणार नाही, त्या दिवशी डोंगरउतारावर विजेरी हालवणारा तो बाप नौकेची वाट पाहत काठावरच उभा राहील.

स्वाध्याय

१. म्हसावद आणि नर्मदेकाठचे पाडे एकाच जिल्ह्यात असूनही तेथील दळणवळणात कोणता फरक आहे?
२. ‘येथे थेंब गळणे हा दोष नव्हे, थेंब थांबणे हा दोष होय.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. कारणे द्या : (अ) मुक्कामाला डिझेलची टाकी भरून ठेवतात. (आ) स्वयंपाक होताच गॅसच्या टाकीची चावी बंद करतात. (इ) रात्री नौकेच्या दोराला ढील ठेवतात.
४. ‘दुसऱ्याला राखण्यासाठी स्वतः झिजणारा’ असे लेखात कशाला म्हटले आहे? असे झिजणारी माणसे तुमच्या गावात कोठे आढळतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या शाळेतील किंवा घरातील एखाद्या यंत्राची रोजची निगा कशी राखतात, ते पाहून त्याचे वर्णन करा.